विनिफ्रेडच्या खुणा

दर मंगळवारी मी यॉर्कच्या वृद्धाश्रमात
दुसऱ्यांचे दात घासायला जाते.
पिशवीत आरसा, हातमोजे, मऊ केसांचे ब्रश,
आणि तोंडात तेच घोटलेलं वाक्य:
गोड कमी खा. खायचंच तर जेवणाबरोबर खा.
दिवसभर चघळत बसू नका.

सहा नंबरच्या खोलीत विनिफ्रेड ओल्डरॉइड,
वय अठ्ठ्याऐंशी.
तिचे दात खिडकीत, पाण्याच्या पेल्यात,
नदीकडे बघून हसत असतात.
ती हसत नाही. मांडीवर
चॉकलेटचा खोका उघडा.

‘वाचून दाखवू?’ म्हणते,
आणि एकेकावर बोट टेकवते.
ही बारीक वेलांटी: आत कॉफी.
दोन आडव्या रेघा म्हणजे संत्रं.
अर्धवट मिटलेला उकार, ते हेझलनट.
‘आणि हे बघ, हे मशीनने काढलंय,
याला हात नाही.’

पंधराव्या वर्षी ती कारखान्यात गेली.
लांब टेबलाशी चाळीस मुली,
बोटं कोमट चॉकलेटात बुडालेली,
प्रत्येक तुकड्यावर एक वळण,
मग पुढचा तुकडा.
खायला मनाई नव्हती.
पहिला आठवडा सगळ्या हावरटासारख्या खात,
दुसऱ्या आठवड्यापासून डब्यात
व्हिनेगरातले कांदे.
वास मात्र केसांतून जायचा नाही.
शनिवारी नाचायला गेलं की
पोरं मान हुंगून सांगायची,
ही क्रीम खात्यातली, ही पेपरमिंटवाली.

कारखान्याचा स्वतःचा दंतवैद्य होता,
तळमजल्यावर, हिरव्या दाराआड.
वर गोड, खाली सांडशी,
दोघांचा पगार एकाच खिडकीवर.

‘एकविसाव्या वाढदिवसाला काय मिळालं तुला?’
घड्याळ, मी म्हणते. आणि स्पेनची सहल.
‘मला वडिलांनी कवळी दिली.’

एका सकाळी सगळे. वरचे, खालचे,
आठ किडलेले,
वीस धडधाकट.
लग्न ठरलं होतं,
आणि नवऱ्याच्या घरी
दातांचा खर्च घेऊन जाऊ नये
असं तिच्या गल्लीत मानत.
बसने परतली, तोंडावर
आईचा राखाडी मफलर दाबून.
कंडक्टरने तिकिटाचे पैसे घेतले नाहीत.
हे ती तीनदा सांगते, तिकिटाचं.

मी हिशेब मांडते, सवयच माझी.
साखर, तिच्यावर पोसलेले जिवाणू, त्यांचं आम्ल,
अर्धा तास मऊ पडलेलं दाताचं कवच,
मग लाळ येते, हळूहळू डागडुजी करते,
तिला उसंत मिळाली तर.
चॉकलेट तसं बिचारं वितळून निघून जातं,
टॉफीसारखं दाढेत ठाण मांडत नाही.
त्या आठांत त्याचा वाटा किती,
एका ब्रशवर पाच भावंडांचा किती,
हे धरता येईल ढोबळमानाने.
पण वीस?
वीसांसाठी माझ्या तक्त्यात रकाना नाही.

चणे आणि दात यांची चुकामूक जुनीच.
हिच्याकडे मात्र दोन्ही होते,
एकाच वेळी,
त्या सकाळपर्यंत.

‘एक घे.’ मी कामावर आहे, म्हणते.
‘घे गं. आणि चावू नकोस,
चावलं की खूण कळत नाही.’
ती डोळे मिटते,
बोळक्यात एक तुकडा ठेवते,
टाळूशी धरून जिभेने वरची नक्षी चाचपते
ती पुसली जाईपर्यंत.
‘उकार,’ पुटपुटते.
मी खोक्यातला रिकामा खळगा बघते. बरोबर.

माझ्या हाती आलं ते संत्रं.
उजव्या दाढेत चांदी भरलेली आहे,
तिथे एक कळ उठते,
मी चेहरा सरळ ठेवते.

निघण्याआधी पेला उचलते,
पाणी बदलते, कवळी घासते,
मागून, पुढून, फटीफटीतून,
जरी हिला
कधीच कीड लागणार नाही.

खिडकी अर्धी उघडी. वारा वळलाय,
नदीपलीकडून काहीतरी भाजल्याचा वास येतो.
विनिफ्रेड नाक वर करते,
रिकाम्या तोंडाने, अगदी स्पष्ट म्हणते,
‘आज मिंट आहे.’